चूलबंद आवतण आणि पन्नासची यादी

आमच्या कळमेश्वर तालुक्यात लग्नाचं आवतण दोन तऱ्हेचं. एक घरटी एका माणसाचं आणि दुसरं चूलबंद. चूलबंद आवतण आलं, की त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटत नाही. म्हातारी, तान्हं बाळ, वरच्या खोलीत भाड्याने राहणारा मास्तर, सकाळच्या गाडीने आलेला पाव्हणा, सगळे मांडवात. घरटी एकाच्या आवतणालाही तिघं जातात, पण त्याबद्दल कोणी तोंड उघडत नाही, कारण सगळ्यांच्याच घरचे तिघं जातात. यजमानाने आचाऱ्याला हजार माणसं सांगायची, आचाऱ्याने मनात तेराशे धरायची आणि चौदाशेवं माणूस पंगतीत बसलं, की वांग्याच्या भाजीच्या गंजात एक बादली पाणी ओतायचं. तीन पिढ्यांच्या पोरी या हिशेबाने उजवल्या गेल्या.

अशा मुलखाला 2020 साली सांगण्यात आलं, की लग्नाला माणसं फक्त 50.

पन्नास! काटोल रोडवरच्या एखाद्या लॉनवर एवढी माणसं नुसती गाड्या लावण्यावरून भांडत असतात. संदलपुढे नाचणारी नवरदेवाची मित्रमंडळी वेगळी, नाचून झाल्यावर नवरदेवालाच ओळखत नाहीत असं उघडकीला येणारी वेगळी. आणि काहीही काम न करता पंगतीतून फिरत 'घ्या ना जी, लाजू नका' एवढंच म्हणणारे घरचे कर्ते पुरुष मोजले, तर यादी तिथंच संपते. नवरी बाहेर राहते.

आधीच सांगून टाकतो, मी नियमाच्या विरोधात नव्हतो, आजही नाही. नागपुरात पहिला रुग्ण 11 मार्च 2020 ला सापडला, दोन दिवसांनी राज्याने साथरोग कायदा लागू केला, 22 तारखेला जनता कर्फ्यू झाला आणि 25 पासून देशाला कुलूप लागलं. रोग नवाकोरा, पण त्याला आवरायला काढलेला कायदा 1897 चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळचा. आजोबांची बंडी काढून नातवाला घालायची आपल्याकडे पद्धतच आहे. ती कुठे ढगळ होते, कुठे काचते, पण अंग झाकतं. गर्दीने रोग पसरतो हे शेंबडं पोरही सांगत होतं. अडचण एवढीच होती, की सरकारने पन्नास हा डोक्यांचा आकडा म्हणून दिला आणि आमच्याकडे तो मानाचा आकडा म्हणून पोचला.

आमच्या एका काकाजींच्या मुलीचं लग्न नेमकं त्याच वर्षी ठरलं. साक्षगंध आधीच होऊन गेलेलं, मुलाकडचे थांबायला तयार नाहीत. मग पन्नासची यादी करायला घरातले दहा जण बसले. इथंच पहिली चूक झाली, कारण यादी करणाऱ्या दहांपैकी कोणालाच गाळता येत नव्हतं. उरले चाळीस. त्यात मुलाकडच्यांनी निरोप धाडला, की आमची तीस. काकाजी म्हणाले, "निम्मे-निम्मे करा." तिकडून उत्तर आलं, "मुलाची बाजू हाय ना जी, निम्म्यात कशी बसन?" माणसं मोजायचा नियम कागदावर होता, मुलाची बाजू मोठी असते हा नियम त्याच्या कितीतरी आधीचा. शेवटी तीस-वीसवर मिटलं. वीसात घरचे दहा. बाकी दहा जागांसाठी सख्खे मामा, मावश्या, आत्या, चार काका, त्यांच्या जोड्या, आणि एक मोठे जवाई, ज्यांना न बोलावण्याचा विचारही कोणी मोठ्याने केला नाही.

त्यानंतर खरा खल सुरू झाला. पन्नासात नवरा-नवरी धरायचे का? लग्न लावणारे महाराज धरायचे का? फोटोवाला माणूस की यंत्र? आचारी तर चुलीपाशी बाहेर उभा असतो, तो आत कसा? काकाजींच्या धाकट्या भावाने तोड काढली, की महाराजांना बाहेर व्हरांड्यात बसवू आणि मंगलाष्टकं माइकवरून म्हणवू, म्हणजे आतली एक जागा वाचते. महाराजांना ही कल्पना कळली तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, "मी बाहेर बसन, पण मंग नवरदेवही बाहेर लागन." परवानगीच्या अर्जासोबत यादी जोडायची होती, म्हणून ती एका पोराकडून टाइप करून घेतली. त्या पोराने ती चुकून भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. दोन मिनिटांनी पुसली. दोन मिनिटं पुष्कळ झाली.

एरवी हे कधी घडलं नसतं. चूलबंद आवतणाची गंमतच ही, की त्यात कोण किती जवळचा हे कोणालाच सांगावं लागत नाही. गावातल्या किराणावाल्यालाही तेच जेवण आणि सख्ख्या चुलत्यालाही तेच. चौदाशे लोकांत प्रत्येक जण स्वतःला पहिल्या दहांत धरून घरी जातो. पन्नासच्या यादीने हा पडदा फाडला. माणसांना आपला नंबर कळला, किंवा नाही हे कळलं. काकाजींचे एक मावसभाऊ, ज्यांनी या मुलीला कडेवर घेऊन धापेवाड्याची यात्रा दाखवली होती, ते यादी वाचून दुसऱ्याच दिवशी घरी आले. अंगणातच उभे राहिले, मास्क लावून, सहा फुटांवर, सगळे नियम पाळून. म्हणाले, "काऊन जी, मी काय कोरोना आहो का?" काकाजींनी आदेशाचा कागद दाखवला. मावसभाऊ म्हणाले, "सरकारनं पन्नास म्हटलं, पन्नास कोण हे तं तुमीच लेहलं ना?"

त्यावर काकाजींकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

पण कळमेश्वर हे एमआयडीसीचं गाव आहे. इथं स्टीलच्या कारखान्यापासून लहानसहान शेडपर्यंत माणसं पाळीत काम करतात, आणि पहिली पाळी, दुसरी पाळी, नाइट हे गणित घरातल्या बायकांनाही पाठ असतं, कारण डबे त्याच भरतात. एकदा कोणीतरी बोलून गेलं, की एका वेळी पन्नास म्हटलंय, दिवसभरात पन्नास थोडंच म्हटलंय. झालं. त्या मोसमात लग्नं पाळीने सुरू झाली. सकाळी हळदीला एक तुकडी, अक्षतांना दुसरी, जेवायला तिसरी, आणि रात्री पाहुणे गेल्यावर 'नुसते तोंड दाखवून जातो' म्हणणारी नाइट शिफ्ट. पहिल्या पाळीचे लोक वेळेवर सुटत नव्हते, हीच काय ती कारखान्याहून निराळी गोष्ट. गेटवर सॅनिटायझरची बाटली घेऊन उभा केलेला भाचा हजेरी घेई. त्याच्या वहीत आकडा 49 वर गेला, की तो पान उलटून पुन्हा एकपासून लिही.

गेटवरच ते तापमान मोजायचं पिस्तूल असे. आमच्याकडे मे महिन्यात सावलीत 45 अंश असतात. मोटरसायकलवर टोपी-दुपट्टा गुंडाळून आलेल्या माणसाच्या कपाळाला ते यंत्र लावलं, की आकडा असा यायचा, की त्याला सरळ भरती करावं. उलट कूलरच्या पुढून उठून आलेल्या माणसाला ते 31 दाखवी. वैद्यकशास्त्राप्रमाणे तो गार पडलेला, पण त्याला 'जा जी आत, पंगत बसून राह्यली' म्हणून पुढे सोडत. यंत्राने कोणालाही अडवल्याचं मी पाहिलं नाही. यंत्रामागचा भाचा मात्र दोन जणांना अडवून होता. ते दोघं यादीत नसलेल्या मावसभावाचे मुलगे होते.

2021 च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट भरात आली आणि सरकारने कात्री आणखी खाली नेली. 22 एप्रिलपासून लग्नाला 25 माणसं, एकच सभागृह, सगळं दोन तासांत, आणि नियम मोडला तर 50 हजार रुपये दंड. पंचवीस समजू शकतो, दंडही समजू शकतो. पण दोन तास? आमच्याकडे सायंकाळचा मुहूर्त पत्रिकेत छापलेला असतो तो फक्त वरातीला निघायची आठवण म्हणून. मारुतीच्या देवळापासून लॉनच्या दारापर्यंतचं अंतर चालत पाच मिनिटांचं, वरातीला दीड तास. नंतर दारात नवरदेवाच्या बहिणीची अडवणूक, मग एखाद्या जवायांचा रुसवा. नुसता रुसवा काढायला चाळीस मिनिटं लागतात, आणि घाईने काढला तर तो निघत नाही, आत जातो. दोन तासांत लग्न लावायचं म्हणजे रुसायलाच वेळ नाही. त्या काळात लागलेली लग्नं पाहिलेले जुने लोक अजून म्हणतात, की लग्न झालं खरं, पण लग्नासारखं वाटलं नाही. कोणी रागावलंच नाही.

दंडाचा आकडा छापून आला तेव्हा वधूपित्यांमध्ये एक वेगळीच कुजबुज ऐकली. बँड नाही, लॉन नाही, हजार माणसांचं जेवण नाही. वाचलेल्या पैशातून 50 हजार बाजूला काढून ठेवले, तर निदान भावकी तरी राहील. म्हणजे आहेर, मानपान, रुखवत आणि त्याखाली दंड, असा सरळ एक रकाना. कोणी खरंच भरला का, हे विचारायला गेलो नाही.

हॉटेलांची कथा लग्नाहून निराळी, कारण तिथं यादी नव्हती, टक्केवारी होती. मार्च 2020 मध्ये बंद झालेली राज्यातली हॉटेलं आणि बार 5 ऑक्टोबर 2020 ला निम्म्या क्षमतेने उघडली. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित हॉटेलात निम्मी टेबलं रिकामी ठेवणं शक्य असेल. बसस्टँडजवळच्या टपरीला एक बाक असतो, त्यावर चार माणसं मावतात. निम्मी क्षमता म्हणजे दोन. मग दोघं बाकावर बसत आणि सहा जण बाकाला टेकून उभे राहत, कारण उभ्या माणसाची क्षमता कोणत्याही आदेशात लिहिलेली नव्हती. मास्क खाताना काढायची मुभा होती. आमच्याकडे माणूस खात नसेल तर खर्रा चघळत असतो, त्यामुळे मास्क लावण्याची वेळ दिवसात फारशी यायचीच नाही. पानठेले बंद असतानाही खर्रा मिळे. दामदुप्पट भावाने, मागच्या दाराने, आणि पन्नीत घालून तळहाताने घोटूनच. हात धुवा म्हणून देशभर फोनवर कॉलर ट्यून वाजत होती त्या काळात हा घोटण्याचा कार्यक्रम पाहणाऱ्याची छाती दडपून जाई. घेणाऱ्याची नाही.

ज्या काळात बसून खायला मनाई होती, तेव्हा पार्सलची मुभा होती. इडली-वड्यांचं पार्सल सोपं. तर्री-पोह्यांचं करून पाहा. पोहे कागदात जातात, तर्री जाते पातळ पन्नीच्या पिशवीत, तिला वरून रबर. त्या तर्रीवर बोटभर लाल तेल तरंगत असतं. मोटरसायकलच्या हँडलला ती लटकवून घरी नेणारा माणूस ब्राह्मणीच्या वळणावर एकदा तरी खड्ड्यात आपटतो, मग पुढचा रस्ता पँटीवरचा रंग पाहत जातो. घरी पोचेपर्यंत पोहे गार, तर्री अर्धी, आणि बायको म्हणते पोहे तर घरीही झाले असते. झाले असतेच. पण टपरीवरचे पोहे कोणी भुकेसाठी खात नाही. गावात रात्रीतून काय घडलं हे सकाळी नऊच्या आत कळावं म्हणून खातो. बातमीचं पार्सल कुठल्याच आदेशात बसलं नाही.

2021 च्या जूनमध्ये पाच टप्प्यांची योजना आली, महिनाअखेरीस डेल्टा प्लसच्या धास्तीने सगळ्या जिल्ह्यांना निदान तिसऱ्या टप्प्यात टाकलं, आणि उपाहारगृहं दुपारी चारपर्यंत, तीही फक्त सोमवार ते शुक्रवार. चारनंतर पार्सल. एमआयडीसीतल्या दिवसपाळीचा माणूस हातपाय धुऊन रस्त्याला लागतो तोवर गावातली शटरं खाली. चारच्या आधी विषाणू झोपलेला असतो आणि शनिवारी-रविवारी त्याला सुट्टी नसते, असा काहीतरी त्याचा स्वभाव असावा. ही वेळ हॉटेलवाल्यांना 15 ऑगस्टपर्यंत काढावी लागली. स्वातंत्र्यदिनापासून रात्री दहापर्यंत परवानगी मिळाली.

त्याआधी मार्चमध्ये तर विषाणूला हद्दही कळत होती. 15 ते 21 मार्च नागपुरात जे कडक लॉकडाउन लागलं, ते शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत. आम्ही ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत. आमचे निर्बंध वेगळे, त्यांचे वेगळे. एरवी कळमेश्वरला 'तिकडे खेड्यात' म्हणणाऱ्या नागपूरच्या नातेवाइकांना तेव्हा आमची फार आठवण झाली. फोन करून विचारत, "तुमच्याकडे चालू आहे का हो?" काय चालू आहे हे ते सांगत नसत, आम्हीही विचारत नव्हतो.

देवांचा नंबर तर सगळ्यांत मागे लागला. 2020 मध्ये बार 5 ऑक्टोबरला उघडले, देवळं 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. आमचं धापेवाडा म्हणजे विदर्भाचं पंढरपूर; तिथला विठोबा आषाढीला कुलपात होता, कार्तिकीच्या तोंडावर सुटला. बार उघडे आणि देवळं बंद, यावरून मुंबईत राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात पत्रापत्री झाली. गावात एका माळकरी बुवांनी मात्र फार सौम्यपणे घेतलं. म्हणाले, "बारमंधी गेलेला माणूस महसूल देते. इठ्ठल काय देते?"

हा सगळा गोंधळ फक्त आपल्याकडे झाला असं कोणी समजू नये. 2020 च्या डिसेंबरात इंग्लंडच्या बऱ्याच भागांत नियम होता, की पबमध्ये दारू हवी असेल तर सोबत 'भरपेट जेवण' घेतलं पाहिजे. मग प्रश्न आला, भरपेट म्हणजे किती? तिथं स्कॉच एग नावाचा पदार्थ असतो: उकडलेलं अंडं, त्यावर खिम्याचं आवरण, वरून तळलेलं. एक मंत्री म्हणाले, ते जेवणात धरता येईल. दुसरे म्हणाले, ती नुसती सुरुवात आहे, आणि नंतर म्हणाले, नाही, जेवणच आहे. साहेबाच्या देशात मंत्रिमंडळ एका अंड्यावर अडलं, हे वाचून आमच्या टपरीवर फार समाधान पसरलं. एक आलुबोंडा नाश्ता की जेवण, हा वाद आम्ही तोंडी चालवला असता आणि पुराव्यादाखल चार आलुबोंडे खाऊन निकालात काढला असता. त्याच देशाच्या पंतप्रधानांना, जून 2020 मध्ये आपल्याच कार्यालयात वाढदिवसाला जमल्याबद्दल, 2022 च्या एप्रिलमध्ये दंड झाला. आमचे काकाजी ही बातमी वाचून म्हणाले, "यादी केली नसन."

हसायचं एवढंच. त्याच एप्रिल-मे 2021 मध्ये अंत्ययात्रेला 20 माणसांची मर्यादा होती, आणि तो आकडा कोणी ओलांडला म्हणून तक्रार झाल्याचं मला आठवत नाही. वीससुद्धा भरत नव्हते. कोणी स्वतः आजारी, कोणी घाबरलेलं, कोणी आणखी एका घरी गेलेलं. ज्या गावात तेरवीला गावजेवण होतं, तिथं तेरव्या दिवशी घरच्यांनी चार पानं वाढली. लग्नात गाळलं म्हणून रागावणारे लोक मयताला आले नाहीत याबद्दल कोणाला बोलले नाहीत, आणि कोणी त्यांनाही बोललं नाही. माझ्या मते त्या दोन वर्षांत गावाने दाखवलेला सर्वांत मोठा समंजसपणा तोच.

आणि ज्यांचा हिशेब कोणत्याच यादीत आला नाही, ते म्हणजे आचारी, वाढपी, मांडववाले, बँडवाले, संदलवाले. त्यांच्यासाठी 50 आणि 25 हे मानाचे आकडे नव्हते, पगाराचे होते. दोन उन्हाळे त्यांचे मोसम कोरडे गेले. सरकारने शिवभोजन थाळी आधी दहाची पाच रुपयांना केली, मग 2021 च्या एप्रिलपासून मोफत. दुसऱ्यांच्या लग्नात हजार पानं वाढणारा एखादा वाढपी त्या पार्सलच्या रांगेत दिसला, की तो आणि पाहणारा, दोघंही मास्क वर ओढून घेत. निर्बंध लावणं बरोबर होतं आणि त्या माणसांना वाऱ्यावर सोडणं चूक होतं, ही दोन्ही मतं माझ्या एकाच डोक्यात भांडण न करता राहतात.

2022 च्या गुढीपाडव्याला, 2 एप्रिलला, राज्यातले निर्बंध उठले, मास्कही ऐच्छिक झाला. त्यानंतरच्या मोसमात कळमेश्वरात जे झालं ते पाहण्यासारखं होतं. ज्यांची लग्नं पंचवीसांत उरकली होती, त्यांनी पोरांच्या बारशाला बाराशे पान उठवलं. आमच्या काकाजींनीही नातवाचं बारसं चूलबंद केलं. आचाऱ्याला हजार सांगितले, त्याने तेराशे धरले. मावसभावांच्या घरी काकाजी स्वतः पत्रिका घेऊन गेले, चहा घेतला, तासभर बसले. मावसभाऊ आले नाहीत. त्यांचे दोन्ही मुलगे आले, जेवले, आणि निघताना गेटवरच्या भाच्याला हात जोडून विचारून गेले, "आता तं नाव हाय ना भाऊ?"

तेव्हा येत्या मोसमात तुमच्या घरी कार्य असेल, तर माझं एवढं ऐका. कपाटात कुठेतरी 2020-21 ची ती यादी असेल, ती काढा. तीत ज्यांची नावं नाहीत त्यांच्या घरी पहिली पत्रिका न्या. फोनवर सांगू नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच टाकू नका. आणि आवतण द्याल ते चूलबंद द्या. भाजीत घालायला पाण्याची बादली आहे.